तीन यंत्रणा, तीन वेळा : काँप्रेसर आधी थांबला की तेलाचा दाब आधी पडला?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कोकणातल्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. अलीकडे रात्रपाळीत आमचा मुख्य काँप्रेसर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. यंत्राला काही झालं नाही, पण पुढचे विभाग बंद करावे लागले. सकाळी कारण शोधायला बसलो तर तीन ठिकाणी तीन वेळा.

डीसीएसच्या (कारखान्याच्या मुख्य नियंत्रण यंत्रणेच्या) अलार्म यादीत ‘काँप्रेसर बंद’ ०२:१४:०७ ला. काँप्रेसरबरोबर आलेल्या पीएलसीत (त्याच्या स्वतःच्या छोट्या नियंत्रकात) ‘ल्युब ऑइल दाब अतिकमी’ ०२:१३:२१ ला. सबस्टेशनातल्या मोटर प्रोटेक्शन रिलेत (विजेत बिघाड झाला की मोटर बंद करणाऱ्या उपकरणात) ‘अंडरव्होल्टेज ट्रिप’ ०२:१५:४० ला.

हे आकडे आहेत तसे वाचले तर आधी तेलाचा दाब पडला, ४६ सेकंदांनी काँप्रेसर थांबला आणि त्यानंतर दीड मिनिटाने व्होल्टेज गेलं. इलेक्ट्रिकलवाले म्हणतात, आमचा संबंधच नाही. मेकॅनिकलवाले तेलपंप उघडायच्या तयारीत आहेत. मला हे पटत नाही, कारण दाब अतिकमी झाल्यावर पीएलसी ४६ सेकंद वाट बघत बसत नाही.

तिन्ही घड्याळं जुळवलेली नाहीत एवढं नक्की. झालेल्या घटनेचा क्रम आता लावता येईल का? आणि पुढे ही घड्याळं जुळवायची कशी? कंट्रोल नेटवर्कला इंटरनेट नाही आणि मिळणारही नाही.

प्रतिसाद : रिलेवाला

क्रम लागेल. पंप उघडायचं काम तेवढं आज थांबवा.

घड्याळ मिनिटभर पुढे-मागे असलं तरी त्याच घड्याळावर नोंदलेल्या दोन घटनांमधलं अंतर बरोबर असतं. काही सेकंदांत कुठलंच घड्याळ जाणवण्याइतकं सरकत नाही. म्हणून तिन्ही यंत्रणांनी पाहिलेली एकच प्रत्यक्ष घटना शोधायची आणि तिला शून्य धरून बाकीच्या नोंदी तिच्या आगेमागे मांडायच्या. तुमच्याकडे अशी घटना आहे : मोटरचा ब्रेकर (वीज तोडणारा स्विच) उघडणं. रिलेला ती ब्रेकरच्या संपर्कातून कळते, पीएलसीला आणि डीसीएसला ‘मोटर चालू’ हा फीडबॅक गेल्यावर, म्हणजे येणं थांबल्यावर, कळते.

तेव्हा रिलेचा इव्हेंट लॉग मिलिसेकंदांसह काढा. पीएलसीत फीडबॅक कधी गेला ते बघा. फक्त अलार्म यादीवर जाऊ नका, पीएलसीचा स्वतःचा बफर वाचा. डीसीएसची वेळ कंट्रोलरने दिली आहे की सर्व्हरने, तेही तपासा.

प्रतिसाद : खाडीकाठ

धन्यवाद साहेब. काढलं सगळं.

रिले : ०२:१५:३८.९०५ अंडरव्होल्टेज पिकअप (व्होल्टेज कमी झाल्याचं रिलेला कळलं), ०२:१५:४०.४०७ ट्रिप, ०२:१५:४०.४६८ ब्रेकर उघडला.
पीएलसी : ०२:१३:२०.६ मोटर चालू फीडबॅक गेला, ०२:१३:२१.९ तेलाचा दाब अतिकमी.
डीसीएस : ०२:१४:०७ काँप्रेसर बंद. ही नोंद पीएलसीकडून मॉडबसवर (यंत्रांमधल्या निरोपांच्या एका पद्धतीने) येते, मिलिसेकंद नाहीत.

तेलाचा मुख्य पंप काँप्रेसरच्याच शाफ्टवर आहे. सहाय्यक पंप वेगळ्या एलटी (कमी दाबाच्या विजेच्या) मोटरवर.

प्रतिसाद : रिलेवाला

उत्तर तुमच्या याच नोंदीत आहे. पीएलसीच्या स्वतःच्या घड्याळानुसार आधी मोटर थांबली आणि १.३ सेकंदांनी दाब पडला. शाफ्टचा वेग उतरला की शाफ्टवरचा पंप दाब सोडणारच. व्होल्टेज खाली असताना सहाय्यक पंपाचा कॉन्टॅक्टरही (त्याला वीज जोडणारा स्विच) सुटला असणार, त्यामुळे तोही वेळेत मदतीला आला नाही.

आता रिले आणि पीएलसी ब्रेकरवर जुळवा. ०२:१५:४०.४६८ आणि ०२:१३:२०.६ ही एकच घटना आहे, म्हणजे रिलेचं घड्याळ पीएलसीपेक्षा साधारण २ मिनिटं २० सेकंद पुढे. व्होल्टेज पडायला सुरुवात झाली ती पीएलसीच्या घड्याळात ०२:१३:१९ च्या आसपास येते. क्रम असा : व्होल्टेज पडलं, रिलेने दीड सेकंद वाट बघितली, ट्रिप दिला, ६१ मिलिसेकंदांत ब्रेकर उघडला, मोटर थांबली, तेलाचा दाब गेला. तेलपंप निर्दोष आहे. फीडरवर (वीज आणणाऱ्या लाइनवर) व्होल्टेज का पडलं तिकडे बघा. वीज कंपनीच्या उपकेंद्राकडे त्या रात्रीची नोंद मागा, पण मागताना तुमच्या रिलेची वेळ किती पुढे होती ते पत्रात लिहायला विसरू नका.

डीसीएसची वेळ इथे कामाची नाही. मॉडबसच्या निरोपात वेळ नसतेच, फक्त ‘आत्ता हा बिट शून्य आहे’ एवढं येतं. डीसीएस ज्या क्षणी विचारतो त्या क्षणाचा शिक्का त्यावर मारतो. विचारण्याचा फेरा सेकंदाचा असेल तर सेकंदभराची अनिश्चितता आहे, आणि लाइन मध्ये तुटली असेल तर त्याहून जास्त.

प्रतिसाद : निवृत्त_शिफ्ट_इनचार्ज

वरचा प्रतिसाद वाचून समाधान वाटलं. माझी नोकरी औष्णिक वीजकेंद्रांत गेली. आमच्याकडे बॉयलर ट्रिप झाला की पहिलं काम म्हणजे एसओईचा कागद, म्हणजे सिक्वेन्स ऑफ इव्हेंट्स. त्याची कार्डं वेगळी असतात आणि प्रत्येक इनपुट बदलाला १ मिलिसेकंद इतक्या बारकाईने वेळ देतात. कारण टर्बाइन, जनरेटर आणि बॉयलर एकमेकांना ट्रिप करतात. टर्बाइन गेलं की जनरेटर जातो, जनरेटर गेला की टर्बाइन जातं. दोन्हींचे दिवे एकदमच लागलेले दिसतात. पहिला कोण हे ठरतं काही मिलिसेकंदांत, आणि तेवढंच दुरुस्तीसाठी महत्त्वाचं असतं.

ही गोष्ट एका कारखान्यापुरती नाही. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या आँटारिओत ग्रिड कोसळलं, सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशी पथकाला हजारो नोंदी एकमेकींशी जुळवत बसावं लागलं, कारण कितीतरी ठिकाणच्या रेकॉर्डरची घड्याळं एका वेळेवर नव्हती. रेकॉर्डर जुळवलेले असते तर हे काम कितीतरी लवकर झालं असतं, असं त्यांनी अहवालात लिहिलं आणि वेळ जुळवलेले रेकॉर्डर सक्तीचे करा अशी शिफारसही केली. पुढे तिकडच्या नियमांत अशा उपकरणांची घड्याळं जागतिक वेळेपासून २ मिलिसेकंदांच्या आत हवीत अशी अट आली.

आपल्याकडे २०१० च्या ग्रिड संहितेत डिस्टर्बन्स रेकॉर्डर, इव्हेंट लॉगर यांच्याबरोबर वेळ जुळवणारं उपकरणही कायम चालू स्थितीत ठेवायला सांगितलं होतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला आपलं ग्रिड पडलं तेव्हा उत्तर विभागात जीपीएसवर वेळ घेणारे काही पीएमयू (ग्रिडचं व्होल्टेज आणि प्रवाह अचूक वेळेसह मोजणारी उपकरणं) बसवलेले होते. विश्लेषणात त्यांच्या नोंदी कामी आल्या.

माझं स्पष्ट मत आहे : घड्याळ हे संरक्षणाच्या साखळीतलं उपकरण आहे. रिलेची चाचणी जशी ठरल्या काळाने होते तशी घड्याळाचीही व्हायला हवी आणि तिच्यावर सही करणारा माणूस ठरलेला हवा. बहुतेक ठिकाणी ते ना इलेक्ट्रिकलचं असतं, ना इन्स्ट्रुमेंटचं, ना आयटीचं.

प्रतिसाद : पॅकेट

मी आयटीतला. आम्ही ऑफिसात घड्याळं डोमेन कंट्रोलरवर (पीसी आणि लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) सोडतो आणि विसरतो. विंडोज डोमेनमध्ये सगळे पीसी आपापल्या डोमेन कंट्रोलरकडून वेळ घेतात, ते कंट्रोलर त्यांच्यातल्या मुख्य कंट्रोलरकडून, म्हणजे पीडीसी एम्युलेटरकडून. कर्बेरॉसला (लॉगिनची ओळख तपासणाऱ्या पद्धतीला) मूळ सेटिंगप्रमाणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, त्यामुळे घड्याळ फारच बिघडलं तर लॉगिनच अडतं आणि लगेच कळतं. तुमच्याकडे ऑपरेटर स्टेशन विंडोजवरच असतील ना? मग तेच का नको?

शिवाय सर्ट-इनचे (सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे) २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. यंत्रणांची घड्याळं एनआयसी (सरकारचं माहिती केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत) सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. भारतीय प्रमाणवेळ तीच प्रयोगशाळा राखते.

प्रतिसाद : सह्यकडा

पॅकेट, निर्देश बरोबर सांगितलेत, पण ५ मिनिटांची मर्यादा लॉगिनसाठी आहे. इथे २ मिनिटं २० सेकंदांच्या फरकाने पंप उघडायची वेळ आली होती. तोपर्यंत कर्बेरॉस एक शब्द बोलला नसता.

आणि कारखान्यातले बरेच पीसी डोमेनमध्ये नसतात, वर्कग्रुपमध्ये असतात. जुन्या विंडोजमध्ये डोमेनबाहेरचा पीसी मूळ सेटिंगवर आठवड्यातून एकदाच वेळ विचारतो, तीही इंटरनेटवरच्या सर्व्हरला, जो कंट्रोल नेटवर्कमधून दिसतच नाही. घड्याळातल्या साध्या स्फटिकाची चूक दशलक्षात २० भाग धरली तर दिवसाला १.७ सेकंद, आठवड्याला १२ सेकंद.

व्हर्च्युअल मशीनचं (एका खऱ्या सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, चालणाऱ्या आभासी पीसीचं) वेगळं लक्षात ठेवा. आता डीसीएसचे सर्व्हरही व्हर्च्युअल झालेत. होस्टकडून पाहुण्या मशीनला वेळ देण्याची सोय चालू आणि आत एनटीपीही चालू, असं झालं की दोघं एकाच घड्याळाला दोन बाजूंनी ओढतात. एक बंद करा.

खाडीकाठ, रचना मी अशी करीन. गच्चीवर दोन अँटेना, शक्यतो दोन वेगळ्या इमारतींवर, आणि प्रत्येकीखाली एक जीपीएस टाइम सर्व्हर. दोन्ही कंट्रोल नेटवर्कच्या वरच्या पातळीत. ऑफिस आणि कंट्रोलच्या मधल्या डीएमझेडमध्ये (दोन्हींपासून फायरवॉलने वेगळ्या ठेवलेल्या पट्ट्यात) तिसरा एनटीपी सर्व्हर, जो ऑफिसच्या बाजूने प्रयोगशाळेची वेळ घेतो आणि जीपीएसची वेळही बघतो. सर्ट-इनची अट त्यातून पाळली जाते, आणि कंट्रोल नेटवर्कमधून इंटरनेटकडे एकही दार उघडावं लागत नाही. एनटीपीला यूडीपी पोर्ट १२३ लागतो, फायरवॉलमध्ये ठरावीक दोन पत्त्यांमध्येच तो उघडा.

वेळेचे स्रोत दोनच ठेवलेत आणि ते भांडले, तर खोटं कोण बोलतंय ते एनटीपीला ठरवता येत नाही. तीन असले तर दोघांचं जुळतं आणि तिसरा बाजूला पडतो. चार असले तर एक बंद पडल्यावरही बहुमत उरतं.

डीसीएसला स्वतःची अंतर्गत वेळ असते आणि एखादा नोड तिचा मालक असतो. बाहेरची वेळ फक्त त्या मालकाला द्या, खालचे नोड त्याच्याकडूनच घेऊ देत. काही स्टेशनांना थेट एनटीपी आणि काहींना डीसीएसची वेळ असं मिश्रण केलं की एकाच अलार्म यादीत दोन घड्याळं नांदतात.

प्रतिसाद : नवशिकी

वाचत आहे, खूप शिकायला मिळतंय. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. निरोप नेटवर्कवरून यायलाच वेळ लागतो, मग एनटीपीला बरोबर वेळ कळते कशी?

प्रतिसाद : सह्यकडा

चांगला प्रश्न. चार वेळा नोंदतात. पीसी विचारतो ती वेळ स्वतःच्या घड्याळात, सर्व्हरला प्रश्न पोचला ती आणि उत्तर निघालं ती सर्व्हरच्या घड्याळात, उत्तर हाती आलं ती पुन्हा पीसीच्या घड्याळात. यांतून जाण्या-येण्याचा एकूण वेळ आणि दोन घड्याळांमधला फरक असे दोन्ही आकडे निघतात.

त्यात एक गृहीतक आहे : जायला जेवढा वेळ लागला तेवढाच यायला. रस्ते असमान असले तर फरकाच्या निम्मी चूक राहते. जायला ५ आणि यायला २५ मिलिसेकंद लागले तर १० मिलिसेकंदांनी घड्याळ चुकेल, आणि एनटीपीला ते कधी कळणार नाही. कारखान्याच्या लॅनवर हा फरक फारच कमी असतो, म्हणून तिथे एनटीपी मिलिसेकंदाच्या आसपास सहज राहतो. डोंगरावरच्या पंपहाउसला रेडिओवरून किंवा व्हीसॅटवरून (उपग्रहाच्या जोडणीवरून) वेळ पाठवत असाल तर तिथे वेगळा जीपीएस बसवा.

डेलावेअर विद्यापीठातल्या डेव्हिड मिल्स यांनी हे घडवलं. पहिलं आरएफसी (त्याच्या नियमांचा दस्तऐवज) १९८५ चं, आज चालणारी चौथी आवृत्ती २०१० ची. मिल्स जानेवारी २०२४ मध्ये गेले. ज्यांच्यामुळे जगातली इतकी यंत्रं एका वेळेवर चालतात त्यांचं नाव आपल्या अभ्यासक्रमात यावं असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद : सौदामिनी

धागा उत्तम चाललाय. मी ४०० केव्ही उपकेंद्रांच्या ऑटोमेशनमध्ये काम करते. आमच्या बाजूचं थोडं.

रिलेला वेळ द्यायला वर्षानुवर्षं आयरिग-बी हा वेळेचा संकेत वापरतात. जीपीएस घड्याळातून कोअॅक्स किंवा ट्विस्टेड पेअर निघते, सेकंदाला १०० पल्स, एका सेकंदात एक पूर्ण फ्रेम. सोपं, मजबूत, नेटवर्क लागत नाही. पण मूळ फ्रेममध्ये वर्ष नसतं, ते नंतरच्या विस्तारात आलं. त्यामुळे जुन्या रिलेत तारीख-वेळ अचूक आणि वर्ष चुकीचं असा प्रकार दिसला तर घाबरू नका. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे घड्याळ आयएसटी पाठवतं आणि रिलेत पुन्हा साडेपाच तास मिळवलेले असतात. नोंद बरोबर ५ तास ३० मिनिटं पुढे दिसली की आधी हेच तपासा.

डिजिटल उपकेंद्रात मात्र एनटीपी पुरत नाही. तिथे सीटी-पीटीचे (प्रवाह आणि व्होल्टेज मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे) नमुने इथरनेटवरून येतात आणि वेगवेगळ्या खोक्यांतले नमुने एकत्र करून रिले निर्णय घेतो. ५० हर्ट्झला एक फेरा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे १ मिलिसेकंदाची चूक १८ अंशांची झाली. वेगवेगळ्या घड्याळांवर मोजलेल्या दोन प्रवाहांत १८ अंशांचा खोटा कोन दिसला तर डिफरन्शियल (प्रवाहांची तुलना करणाऱ्या) संरक्षणाला नसलेला फॉल्ट दिसेल. म्हणून तिथे मागणी १ मायक्रोसेकंदाची असते आणि ती पीटीपीने, म्हणजे आयईईई १५८८ या अधिक अचूक वेळेच्या मानकाने भागते. वीजक्षेत्रासाठी आयईसी ६१८५०-९-३ हा त्याचा २०१६ चा प्रोफाइल आहे. साधारण १५ ट्रान्सपरंट क्लॉक ओलांडूनही चूक १ मायक्रोसेकंदाच्या आत राहावी असा त्याचा हिशेब आहे.

नवशिकीसाठी : ट्रान्सपरंट क्लॉक म्हणजे असा स्विच जो वेळेचा निरोप आपल्याकडे किती नॅनोसेकंद अडकला ते मोजून त्याच निरोपात लिहितो. एसटीचा कंडक्टर प्रत्येक थांब्यावर गाडी किती वेळ उभी होती ते नोंदत गेला, तर शेवटच्या स्थानकावर प्रत्यक्ष धावण्याचा वेळ काढता येतो, तसंच. साधा स्विच हे लिहीत नाही, म्हणून वाटेत एक जरी साधा स्विच आला तरी पीटीपीची अचूकता गेली. खाडीकाठ, तुमच्या काँप्रेसरला याची गरज नाही. त्यावर पैसे घालण्यापेक्षा एसओई कार्डं घ्या.

प्रतिसाद : खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. पंप उघडलेला नाही. फीडरच्या व्होल्टेजबद्दल पत्र गेलं आहे, घड्याळाच्या फरकासह.

आता पुढचं. जीपीएस सर्व्हर घ्यायला व्यवस्थापन तयार आहे. वेळ द्यायला सुरुवात करू तेव्हा चालू प्लांटमध्ये एकदम २ मिनिटांची उडी मारली तर काय होईल? आणि काँप्रेसरचा पीएलसी जुना आहे, त्याला एनटीपी येतच नाही.

प्रतिसाद : सह्यकडा

चालू प्लांटमध्ये उडी मारू नका, विशेषतः मागे तर नाहीच. घड्याळ २ मिनिटं मागे नेलं की ती २ मिनिटं दोनदा येतात. हिस्टोरियनमध्ये (मोजमापांच्या साठ्यात) त्याच वेळेचे दोन-दोन नमुने पडतात, अलार्म यादीचा क्रम उलटा होतो, आणि वेळेवर बांधलेलं बॅचचं एखादं पाऊल पुन्हा चालू शकतं. पुढे नेलं तर ट्रेंडमध्ये रिकामी जागा राहते, ती त्यामानाने निरुपद्रवी. पण त्या काळात चालू असलेला तासाचा हिशेब किंवा टोटलायझर (एकूण बेरीज ठेवणारा मोजक) बिघडू शकतो. पीएलसीतले साधे टायमर तारीख-घड्याळावर चालत नाहीत, त्यांना धक्का बसत नाही. तरी प्रोग्रॅममध्ये कुणी तारीख-वेळेची वजाबाकी केली आहे का ते शोधूनच पुढे जा.

एनटीपीच्या मूळ प्रोग्रॅमचं वागणं असं : फरक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर घड्याळ हळूहळू सरकवतो, त्याहून जास्त असेल तर उडी मारतो, आणि १००० सेकंदांच्या पुढे असेल तर काही न करता बंद पडतो, माणसाने येऊन बघावं म्हणून. सरकवण्याचा कमाल वेग दशलक्षात ५०० भाग, म्हणजे १४० सेकंदांचा फरक असा भरून काढायला तीन दिवसांहून जास्त लागतील. त्यापेक्षा शटडाउनमध्ये सगळी घड्याळं हाताने जवळ आणून घ्या, मग एनटीपी चालू करा. नंतर उडी मारायची वेळ आलीच तर ती अलार्म म्हणून डीसीएसवर दिसली पाहिजे.

प्रतिसाद : निवृत्त_शिफ्ट_इनचार्ज

जुन्या पीएलसीला वायरने वेळ देता येते. डीसीएसच्या एका डिजिटल आउटपुटवरून दर तासाच्या ठोक्याला एक पल्स पाठवा. पीएलसीत छोटा प्रोग्रॅम : पल्स आली की मिनिटं-सेकंद शून्य करा. घड्याळात तेव्हा तीसपेक्षा जास्त मिनिटं झालेली असतील तर तास एकाने वाढवा, म्हणजे १:५९:५८ चे २:००:०० होतील, १:०० नाही. पल्स ठरल्या वेळेच्या आसपास आली तरच ती माना आणि दोन तास आलीच नाही तर अलार्म द्या, नाहीतर कुणीतरी केबल काढेल आणि कुणाला कळणार नाही.

आणि घड्याळं इतकी का सरकतात याचं एक कारण उष्णता आहे. पीएलसीच्या बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळात ३२.७६८ किलोहर्ट्झचा स्फटिक असतो. तो २५ अंशांना सर्वांत वेगाने चालतो. त्याहून गरम झाला तरी मंदावतो, थंड झाला तरी मंदावतो, आणि तेही फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात. पॅनेलमध्ये ४५ अंश असतील तर दिवसाला साधारण १.२ सेकंद मागे पडतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात वातानुकूलन बंद पडलेल्या पॅनेलची कल्पना करा. १४० सेकंदांचा फरक पडायला कुणी चुकीची वेळ भरावीच लागते असं नाही, काही महिने कुणी बघितलं नाही तरी पुरे.

प्रतिसाद : स्टुटगार्टकर

जर्मनीतून लिहितोय, यंत्रसामग्रीच्या ऑटोमेशनमध्ये आहे. इथे उन्हाळी वेळेमुळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी रात्री २ ते ३ हा तास दोनदा येतो. त्या तासात काही बिघडलं आणि नोंदी स्थानिक वेळेत असल्या तर पहिला तास की दुसरा, ते सांगता येत नाही. म्हणून कंट्रोलरमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवायची आणि फक्त ऑपरेटरच्या पडद्यावर स्थानिक वेळ दाखवायची, ही इथली पद्धत.

भारतात उन्हाळी वेळ नाही, तरी मी हेच सुचवीन. तुमचा काँप्रेसर परदेशी बनावटीचा असेल तर पुरवठादाराचा माणूस पीएलसीत कुठला टाइमझोन टाकून गेला ते बघा. त्याने स्वतःच्या देशाची उन्हाळी वेळ चालू ठेवली असेल तर तुमच्याकडे वर्षातून दोनदा एका तासाची उडी बसेल.

लीप सेकंदही (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला मिळवलेला सेकंद) यूटीसीतच येतो. शेवटचा आला तो भारतात १ जानेवारी २०१७ ला पहाटे साडेपाचच्या आधी. तेव्हापासून जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. टाइम सर्व्हर तो फरक वजा करून देतो. एखादं उपकरण नेमकं १८ सेकंद पुढे दिसलं तर ते कच्ची जीपीएस वेळ दाखवतंय. २०३५ पर्यंत लीप सेकंदाची आजची पद्धत बदलायची, असा ठराव २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय वजन-मापे परिषदेत झाला आहे.

प्रतिसाद : सौदामिनी

जीपीएसवर आंधळा भरवसा नको, हेही लिहून ठेवते. २६ जानेवारी २०१६ ला एक जुना उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांवरून चुकीची माहिती गेली आणि त्यातून मिळणारी यूटीसी १३.७ मायक्रोसेकंदांनी चुकली. काँप्रेसरला याने काही फरक पडत नाही, पण १ मायक्रोसेकंद मागणाऱ्या ठिकाणी ही चूक तेरापटीहून मोठी आहे. आठवड्यांचा आकडा जीपीएस १० बिटांत पाठवतं, म्हणून तो १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तो शून्यावर आला, पुढची वेळ नोव्हेंबर २०३८. फर्मवेअर जुनं असेल तर रिसीव्हर जवळपास २० वर्षं मागची तारीख दाखवतो. एनटीपीचा स्वतःचा आकडा ७ फेब्रुवारी २०३६ ला पुन्हा शून्यापासून सुरू होईल, आणि ३२ बिटी युनिक्स वेळ १९ जानेवारी २०३८ ला संपेल. आज घेतलेली डीसीएस तोपर्यंत चालू असेल, तेव्हा खरेदीच्या तपशिलात या तारखांची चाचणी लिहून मागा.

कोकणात अँटेनाच्या केबलला सर्ज अरेस्टर आणि नीट अर्थिंग हवंच. पहिल्याच मेघगर्जनेत रिसीव्हर गेलेले मी पाहिले आहेत. रिसीव्हर गेला तरी सर्व्हर आतल्या स्फटिकावर वेळ देत राहतो. ऑपरेटरला सगळं ठीक दिसतं आणि वेळ हळूहळू सरकते. म्हणून सर्व्हरचा ‘जीपीएस लॉक गेला’ हा संपर्क डीसीएसवर अलार्म म्हणून ओढून घ्या. आयईसी १०४ या निरोपांच्या पद्धतीच्या टाइम टॅगमध्ये वेळ अवैध असल्याचा बिट असतो, ६१८५० मध्ये घड्याळ जुळलेलं नाही हे सांगणारा बिट असतो. स्काडात (दूरच्या यंत्रणांवर नजर ठेवणाऱ्या पडद्यावर) ते दिसतील असं करून घ्या. बऱ्याच ठिकाणी ते येतात आणि कुणी वाचत नाही.

प्रतिसाद : पॅकेट

शिकलो. ऑफिसात आम्ही लॉगची वेळ बघतो ती कोण आत शिरलं होतं ते कळावं म्हणून. पण फायरवॉलची वेळ एक आणि ऑपरेटर स्टेशनची दुसरी असेल तर घुसखोर आधी आला की व्हॉल्व्ह आधी बंद झाला, हे आम्हालाही सांगता येणार नाही. डीएमझेडमधला सर्व्हर आम्ही सांभाळू, कंट्रोलच्या बाजूचे तुम्ही, आणि दोघांमधला फरक दोन्ही बाजूंना दिसेल. आमच्याकडे हे मी उद्याच मांडतो.

प्रतिसाद : खाडीकाठ

शेवटची शंका. हे सगळं बसवल्यावर खरंच जुळलं आहे हे तपासायचं कसं? प्रत्येक पडद्यावरची वेळ मोबाइलशी ताडून बघणं मला पुरेसं वाटत नाही.

प्रतिसाद : रिलेवाला

ते पुरेसं नाहीच. पडद्यावरची वेळ पीसीची असते, नोंदीवरचा शिक्का कंट्रोलरचा असतो. तपासायचा आहे तो शिक्का.

मार्शलिंग पॅनेलमध्ये (वायरी जोडण्याच्या कपाटात) एक पुशबटण आणि त्यावर एक साधा रिले बसवा. त्या रिलेचा एक-एक कोरडा (स्वतःची वीज नसलेला) संपर्क डीसीएसच्या एसओई कार्डाला, काँप्रेसर पीएलसीच्या मोकळ्या इनपुटला आणि प्रोटेक्शन रिलेच्या मोकळ्या बायनरी इनपुटला द्या. महिन्यातून एकदा बटण दाबा आणि तिन्ही नोंदींतली वेळ एका तक्त्यात लिहा. एका संपर्काची हालचाल तीन घड्याळांनी पाहिली, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर थेट आकड्यांत मिळतं, आणि तेही ट्रिपची वाट न बघता.

वाचताना प्रत्येक इनपुटचा फिल्टर वजा करायला विसरू नका. पीएलसीच्या डिजिटल इनपुटला काही मिलिसेकंदांचा फिल्टर असतो, त्यावर स्कॅनचा (प्रोग्रॅमच्या एका फेऱ्याचा) वेळ. प्रोटेक्शन रिलेला डिबाउन्स (संपर्काची थरथर गाळणारा विलंब) असतो, तो सेटिंगमध्ये दिसतो. डीसीएसचं साधं कार्ड वापरलं तर स्कॅनइतकी अनिश्चितता येते, म्हणून तिथे एसओई कार्डच घ्या. पहिल्या काही महिन्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले तर तो तुमचा नेहमीचा फरक समजा. एखाद्या महिन्यात त्यापेक्षा ५० मिलिसेकंदांहून जास्त बदल दिसला, तर टाइम सर्व्हरपासून त्या उपकरणापर्यंतची वाट तपासायला घ्या. ‘तासाच्या पल्स’वरच्या जुन्या पीएलसीला मात्र एक सेकंदाची सूट द्या, त्याच्याकडून त्याहून जास्त मागता येणार नाही.